झाडाचं शिष्य होणं (भागवत, एकादश स्कंध, अध्याय ७)



काल आपण यदुराजापाशी थांबलो होतो. राजाला एक तरुण अवधूत भेटतो. घर नाही, संसार नाही, उद्याची सोय नाही, आणि चेहऱ्यावर समाधान असं की राजालाच हेवा वाटावा. राजा विचारतो, महाराज, हे तुम्हाला कुठून मिळालं? अवधूत म्हणतो, मी गुरू केले. एक-दोन नाही, चोवीस.

आज श्लोक ३३ ते ३८. पहिल्या तीन श्लोकांत गुरूंची नुसती नावं आहेत. आपण असल्या याद्या पटकन ओलांडतो नं, तसं आज करू नका. वही घ्या आणि मोजा. मी मोजले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. मग कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, टिटवीसारखा ओरडणारा तो कुरर पक्षी, साप, कोळी, कुंभारीण माशी. झाले एकोणीस. माणसं किती? पाच. मध काढून नेणारा, पिंगला नावाची वेश्या, एक लहान मूल, एक लग्नाची मुलगी आणि एक बाण बनवणारा कारागीर. चोवीसांत एकही शास्त्री नाही, एकही ऋषी नाही. आणि हे कोण कोणाला सांगतंय? द्वारका सोडून निघायच्या वेळी श्रीकृष्ण उद्धवाला सांगतोय. शेवटच्या निरोपाच्या वेळी माणूस फालतू काही सांगत नाही.

आता ३७ आणि ३८. माझ्या शब्दांत असं: लोक पृथ्वीला खणतात, तुडवतात, नांगरतात, तरी ती आपली वाट सोडत नाही. तसं, कोणी आपल्याला त्रास दिला तरी तोही परिस्थितीच्या ओढीनं वागतोय हे ओळखून आपण आपल्या मार्गावरून ढळू नये. हे व्रत मी पृथ्वीकडून घेतलं. डोंगराकडून शिकलो की आपली सगळी धडपड, किंबहुना आपलं असणंच, दुसऱ्यासाठी असावं. आणि झाडाचा शिष्य होऊन शिकलो ‘परात्मता’. म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवणं.

‘शिष्य’ हा शब्द मुळातच आहे बरं का, मी घातलेला नाही. झाडाचा शिष्य. मी या शब्दापाशी गेले दोन दिवस अडकले आहे. याचं कारण जरा घरचं आहे.

आमच्या बिल्डिंगच्या आवारात दोन कडुनिंब होते. आता एक आहे. २०२२ च्या उन्हाळ्याआधी सोसायटीची मीटिंग झाली. पाला गाड्यांवर पडतो, मुळांनी कंपाउंडची भिंत फुगली, पार्किंगला जागा पुरत नाही. तिन्ही मुद्दे खरे होते. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, रीतसर परवानगी काढली (शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते), आणि झाड गेलं. जागेवर गट्टू बसवले. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे. सही केली त्या सकाळी मी हरिपाठ म्हणून खाली उतरले होते, हेही सांगून टाकते.

तोडायला चार माणसं आली होती. अर्ध्या फांद्या उतरवल्या आणि दुपारी त्यांनी डबे सोडले. कुठे बसली असतील? त्याच झाडाच्या उरलेल्या सावलीत. मी गॅलरीतून पाहत होते आणि मला बाराव्या अध्यायातली ज्ञानेश्वरीची ती जागा आठवली. शत्रू-मित्र समान मानणाऱ्या भक्ताचं वर्णन करताना माउली झाडाचा दाखला देतात: ज्यानं लावलं त्याला आणि जो कुऱ्हाड घालतो त्याला, दोघांनाही झाड एकच सावली देतं. ती ओवी मी शाळेपासून ऐकत आले. दाखला म्हणजे दाखला, एवढंच वाटायचं. त्या दिवशी कळलं की माउलींनी हे बसून कल्पलेलं नाही, कुठंतरी पाहिलेलं आहे. सातशे वर्षांपूर्वीही लाकूडतोडे सावलीतच भाकरी खात असणार.

संध्याकाळी आजीला कळलं. तिचं माहेर मोर्शीकडचं. ती एवढंच म्हणाली, “काहून वं, त्यानं काय खाल्लं व्हतं तुमचं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि मग नवतपा आला. बाहेरच्या वाचकांसाठी: मे अखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा नागपुरात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आमच्या दोन खोल्या पश्चिमेच्या. कडुनिंब होता तोवर तिथं दुपारी झोपता यायचं. आता कूलर लावूनही भिंत तापलेलीच.

हे सगळं सांगायचं कारण, आजच्या श्लोकांचा एक चुकीचा अर्थ आपण फार सहज लावतो. धरणीमाता सगळं सहन करते. झाड कधी तक्रार करत नाही. ही वाक्यं आपण भक्तिभावानं म्हणतो आणि नकळत तिचा परवाना करून टाकतो: ती सहन करतेच आहे तर करू दे. श्लोक पुन्हा वाचा. अवधूत पृथ्वीला उपदेश करत नाहीये की बाई तू सहन कर. तो म्हणतोय, सहन करायचं मी. दुसऱ्यासाठी असायचं मी. शिष्य मी आहे. गुरूच्या सहनशीलतेवर जगणारा शिष्य आपण कुठल्याच संप्रदायात चांगला मानत नाही. आमच्या मीटिंगमध्ये पाला कोणी सहन करायचा होता? आम्ही. आम्हाला तेवढंही जमलं नाही.

आपल्या साहित्यात माणूस आणि निसर्ग यांचं नातं म्हटलं की नागपूरकराला आधी रामटेक आठवतं. साहजिक आहे. पन्नासेक किलोमीटरवर तो डोंगर, आणि कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं आपल्या वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. तिथला यक्ष ढगाला निरोप्या करतो. गंमत म्हणजे कालिदास स्वतःच मध्ये थांबून म्हणतो की धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा हा गोळा, तो काय निरोप नेणार? पण विरहानं व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा फरक कळत नाही. काव्य म्हणून हे अप्रतिमच. पण नातं बघा: मला दुःख आहे, म्हणून ढगानं माझं काम करावं. भागवतात दिशा उलटी होते. तिथं झाडाकडून मी काम शिकायचं. (मेघदूतावर अन्यायही नको करायला. वाटेत आम्रकूट पर्वत त्या ढगाला डोक्यावर विसावा देतो, कारण ढगानं पूर्वी त्याच्या रानातला वणवा विझवलेला असतो. म्हणजे उपकाराची आठवण ठेवणारा डोंगर कालिदासालाही ठाऊक होता.)

आपले संत या उलट्या दिशेनं फार पुढं गेले. नाथांचंच घ्या, कारण आपण हा स्कंध त्यांच्याच बोटाला धरून वाचतोय. एकनाथी भागवत म्हणजे फक्त या एकाच स्कंधावरची टीका, अठरा हजारांहून जास्त ओव्या. पैठणला सुरू होऊन १५७३ मध्ये काशीत पुरी झाली. आणि त्याच नाथांची ती गोष्ट: रामेश्वराला वाहायला कावडीतून आणलेलं गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. ही गोष्ट आपण ‘सर्वांभूती ईश्वर’ म्हणून सांगतो. ठीकच आहे. पण हिशोब करून पाहा. काशीहून खांद्यावर वाहून आणलेलं पाणी, काही महिन्यांचा प्रवास, आणि डोळ्यांसमोर यात्रा अपुरी राहते. परात्मता म्हणतात ती हीच. तिची काहीतरी किंमत मोजावी लागते, आणि ती गाढवानं मोजायची नसते.

आजीनं त्या रात्री मला दुसरी एक गोष्ट सांगितली. तिच्या माहेराजवळ रिद्धपूर. महानुभावांचं मोठं स्थान, गोविंदप्रभूंचं गाव. सर्वज्ञ चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तिथंच बसून गोळा केल्या, शके १२००, म्हणजे १२७८ च्या सुमारास. तो लीळाचरित्र ग्रंथ, आपल्या मराठीतलं अगदी सुरुवातीचं गद्य. आपण वारकरी मंडळी हा ग्रंथ सहसा उघडत नाही. उघडावा. त्यातली सशाची लीळा आजीला शेजारच्या महानुभाव घरातून ऐकून पाठ होती.

स्वामी झाडाखाली बसलेले. शिकारी कुत्री सोडून सशाच्या मागे लागलेत. ससा धावत येतो आणि थेट स्वामींच्या मांडीखाली शिरतो. शिकारी येऊन म्हणतात, ससा सोडा, तो आमचा. स्वामींचं म्हणणं साधं: तो शरण आलाय, शरण आलेल्याला कसं द्यायचं? पुढे ते शिकाऱ्यांना शाप देत नाहीत, चमत्कार करत नाहीत. बोलत बसतात. हा रानात राहतो, गवत खातो, पाणी पितो, याला का मारता? आजीचा प्रश्न तोच, नाही का? त्यानं काय खाल्लं तुमचं. शिकाऱ्यांचं मन वळतं, ते निघून जातात. मग स्वामी मांडी उचलतात आणि सशाला ‘महात्मा’ म्हणून निरोप देतात, आता जा म्हणतात.

मला या लीळेत दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे ससा पाळला जात नाही. त्याला वाचवून आश्रमात ठेवून घेतला, गळ्यात घंटा बांधली, असं काही नाही. तो रानाचा, रानात गेला. दुसरी गोष्ट ती हाक. एवढ्याशा जनावराला ‘महात्मा’ म्हणणारं वाक्य मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पानांमध्ये आहे, आणि ते आपल्या विदर्भात लिहिलं गेलंय. आपण मात्र ससा म्हटलं की भित्रेपणाचीच उपमा देतो.

आता तुकोबा. तुकोबांना टाळून हा विषय होणारच नाही, पण थोडी भीतीही वाटते, कारण झाडं-वेली आणि रानातली जनावरं आपले सोयरे आहेत असं सांगणारा त्यांचा अभंग आपण दर वर्षी ५ जूनला स्टेटसला ठेवून ठेवून गुळगुळीत करून टाकलाय. मागे हिरवा फोटो, वर अभंग, खाली कोणाचं तरी नाव. मीही ठेवलाय. २०२२ च्या जूनमध्येसुद्धा ठेवला होता. हो, झाड तोडल्यावर.

पूर्ण अभंग काढून वाचा, चार ओळींवर थांबू नका. तो मुळात एकांताचा अभंग आहे. रानात सोबतीला पक्षी आहेत, वर आभाळाचा मांडव, खाली जमिनीचं आसन, वेळ कळायला वारा पुरे, जेवणाला हरिकथा. आणि शेवटी उरतो तो आपलाच आपल्या मनाशी चाललेला वाद. देहूजवळच्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर तुकोबा जाऊन बसायचे, तिथली ही सगळी हवा आहे.

पण ते तिथे कधी जाऊन बसले? हे आपण विसरतो. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पाऊस नाही, धान्य नाही, गुरं मेली, व्यापार बुडाला, दिवाळं निघालं. पहिली बायको रखुमाई अन्न अन्न करत गेली. मुलगा संतू गेला. त्या आगीतून बाहेर पडलेला, विशी-बाविशीतला माणूस डोंगरावर जाऊन बसतो. तुमच्या-माझ्या वयाचा. ज्या निसर्गानं, निदान ज्या आभाळानं, त्याचं घर रिकामं केलं त्यालाच तो पुढं मांडव म्हणतो, आणि रानाला सोयरे म्हणतो. वीकेंडला ट्रेकला जाऊन प्रसन्न वाटलं म्हणून सुचलेली ही ओळ नाही, मंडळी.

आणि शब्द कोणता वापरला? माय-बाप नाही, भाऊ नाही. सोयरे. गावाकडे हा शब्द कसा वापरतात ते आजीला विचारलं. ती म्हणाली, भाऊबंद जन्मानं मिळतात, सोयरे जोडावे लागतात. सोयरीक म्हणजे दोन घरांनी ठरवून केलेलं नातं. त्यात मानपान आला, देणं-घेणं आलं, लग्नाला गेलं पाहिजे, मयतीला गेलं पाहिजे. सोयरा रुसतो. रुसला तर आपण जाऊन समजूत काढायची असते. दोन वर्षं फिरकलाच नाहीत तर सोयरीक कागदावर राहते. ‘आई’ म्हटलं की आपण गृहीत धरतो, सगळं माफ. सोयऱ्याला गृहीत धरता येत नाही. म्हणून मला वाटतं तुकोबांनी निवडलेला शब्द ‘धरणीमाते’पेक्षा कडक आहे.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी ओसंडून वाहू लागला आणि नाग नदी घरात आली. हो, नदी. ज्या नदीवरून शहराचं नाव पडलं असं आपण सांगतो, आणि जिला रोज पुलावरून ओलांडताना नाकाला रुमाल लावून ‘नाला’ म्हणतो. आमचं घर तिच्यापासून पायी पाच मिनिटांवर. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. तळमजल्यावरच्या काकूंचे देव पाण्यावर तरंगत होते, त्यांच्या पोथ्यांचा लगदा झाला. त्यांची एकनाथी भागवताची प्रत मी दोन दिवस पंख्याखाली पानं सुटी करून वाळवली. काही पानं सुटलीच नाहीत.

एक कडुनिंब आणि चार हात मोकळी माती असती तर पूर अडला असता, असं मी म्हणत नाही. इतकी भाबडी मी नाही. पण पाणी ओसरल्यावर आवारात एक गोष्ट दिसली. दुसऱ्या कडुनिंबाच्या बुडाशी जमीन दुपारपर्यंत पाणी प्यायली होती. गट्टूंवर तळं तसंच. तिसऱ्या दिवशी त्यात अळ्या दिसल्या. सोयरा घरी आला होता, आणि त्याला बसायला आम्ही जागाच ठेवली नव्हती, असं काहीसं वाटत राहिलं. याला तुम्ही कविता म्हणाल. मला ती त्या दिवशी तरी कविता वाटली नाही. झाडू हातात होता.

कोणी विचारेल (कमेंटमध्ये एकानं मागे विचारलंही होतं): झाडाला पळताच येत नाही, मग त्याचं देणं हा गुण कसा? प्रश्न बरोबर आहे. मला जे सुचतं ते असं. अवधूत झाडाला संत म्हणत नाहीये. तो पाहतोय, आणि जे पाहिलं ते स्वतःवर लावून घेतोय. कबुतराची गोष्ट येईल तेव्हा दिसेल की कबुतर चुकतं, पोरांच्या मायेनं जाळ्यात जातं. तरी ते गुरू. म्हणजे गुरुपण त्यांच्या पुण्यात नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. मधमाशीचंच बघा. फूल न दुखावता प्रत्येकाकडून थोडं थोडं घेते. हे भागवतानं पुढच्या अध्यायात सांगितलं आणि आपल्या भाषेनं ते इतकं मनावर घेतलं की पाच घरी थोडं थोडं अन्न मागण्याला आपण ‘माधुकरी’ म्हणू लागलो. आजीच्या वडिलांनी अमरावतीत माधुकरी मागून शिक्षण केलं. हा शब्द मधमाशीचा आहे हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. शास्त्रातला निसर्ग असा रोजच्या बोलण्यात येऊन बसलेला असतो, आपण फक्त त्याला ओळखत नाही.

आजचा अभ्यास छोटा. ३३ ते ३५ श्लोकांमधली चोवीस नावं वहीत लिहा. त्यातले किती गुरू तुम्ही मागच्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्यापुढे खूण करा. स्क्रीनवर पाहिलेले धरू नका. माझ्या सात खुणा झाल्या, त्यात कोळी बाथरूममधला.

आणि एक. दुसऱ्या कडुनिंबाचा विषय पुन्हा निघालाय. नवी लिफ्ट बसवायची आहे, आणि ती गरजेची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना जिना चढवत नाही, डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जावं लागतं. लिफ्टचा खड्डा बरोबर त्या झाडाच्या बाजूला येतो. दुसरी जागा निघते का यासाठी मी एका ओळखीच्या इंजिनिअर दादांकडून नकाशा करून घेतलाय. मागच्या बाजूनं होईल म्हणतात, पण खर्च वाढतो आणि प्रत्येक घराला जास्तीची वर्गणी भरावी लागेल. माझ्या वाट्याची मी बाजूला काढली आहे. बाकीचे काय म्हणतील माहीत नाही. काकांना जाऊन भेटले. ते म्हणाले, “झाड राहिलं तर बरंच आहे बेटा, पण माझा जिना तू चढून बघ.” मी चढून पाहिला, त्यांच्या वेगानं, प्रत्येक पायरीवर थांबत. एकोणपन्नास पायऱ्या.

रविवारी संध्याकाळी सहाला मीटिंग आहे. आजी म्हणते, तीही खाली येऊन बसणार.

उद्या श्लोक ३९ पासून वायू. सुगंध आणि दुर्गंध दोन्ही वाहून नेणारा आणि कशालाच न चिकटणारा.

राम कृष्ण हरी 🙏